पालक मेळाव्यात काय सांगू

बेसा, नागपूर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

मयुरा,

पत्र पाहून नाक मुरडशील, ठाऊक आहे मला. फोनवर तू मला बंद करून ठेवलंस, मग पोस्टाशिवाय इलाज काय? मिरजेच्या होस्टेलचा पत्ता तुझ्या आईच्या वहीतून उतरवून घेतला. तिला विचारून, चोरून नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर त्यावरून नवं सुरू व्हायचं.

कामाचं बोलतो. आपल्या शाळेत वीस डिसेंबरला दहावी-बारावीच्या पालकांचा मेळावा आहे. विषय, 'मुलांच्या यशात घराचा वाटा'. मुख्याध्यापिका मधुवंती मॅडम परवा स्टाफरूममध्ये आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, बाहेरचा वक्ता कशाला बोलवायचा? तुमची मयुरा या शाळेतून डॉक्टरकीला गेलेली पहिली मुलगी. तुम्हीच बोला." मी आपला नाही-नाही म्हणालो, तोंडदेखलं. घरी येईपर्यंत स्कूटरवरच अर्धं भाषण तयार झालं होतं.

पण अडचण अशी आहे की लोक विचारतील, पोरगी काय म्हणते? तीस वर्षं गणित शिकवून राहिलो, ताळा केल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारत नाही मी. म्हणून तू एक वाक्य लिहून पाठव. माझ्या अभ्यासात बाबांनी अमुक केलं, बस. गोड नसलं तरी चालेल.

दोन वर्षं सात महिने झाले, तू माझ्याशी बोलली नाहीस. सुट्टीत येतेस ती उमरेडला मामाकडे उतरतेस, आई तिकडे जाऊन तुला भेटते, आणि मी इथे बेस्यात बसून सकाळची भाजी गरम करून खातो. तुझा राग मला समजतो, मी काही दगड नाही. तुझे नानाजी गेले ते तुझ्या नीटच्या परीक्षेच्या अकरा दिवस आधी, आणि परीक्षा होईपर्यंत मी तुला कळू दिलं नाही. पण हे मी माझ्या मनानं केलं का? शंभरदा सांगितलं, पुन्हा सांगतो. दवाखान्यात नानाजींनीच मला जवळ बोलावून म्हटलं होतं, "जवाईबापू, पोरीले कळू देऊ नका. तिचा पेपर होऊ द्या." जाणाऱ्या माणसाचा शब्द मी मोडायला पाहिजे होता का? याचा विचार तू कधीच केला नाहीस.

असो. थंडी चांगली पडली आहे. आईनं आज कोवळ्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या, दोन माणसांना चौदा. म्हटलं कोण खाणार एवढ्या, तर म्हणाली, हाताला तेवढ्याचीच सवय आहे.

वाक्य पाठव.

बाबा


बेसा
रविवार, ७ डिसेंबर

मयुरा,

पोस्टाच्या साइटवर 'पोहोचले' असं दाखवून राहिलं आहे, म्हणजे पत्र तुला भेटलं. उत्तर नाही. आईला म्हटलं, तिची परीक्षा सुरू असेल. आई म्हणाली, "नसते या दिवसात." आणि कणीक मळायला लागली.

मी भाषणाचे मुद्दे काढले. तुझं ते फ्रिजवरचं वेळापत्रक, पहाटे साडेचारपासून, लघवीला जायची सात मिनिटंसुद्धा धरलेलं. टीव्हीची तार मी नुसती काढली नव्हती, पक्कडीनं कापली होती, म्हणजे मोह नको. दारावरची पाटी, 'घरात परीक्षार्थी आहे, बेल वाजवू नये'. त्या पाटीपायी तुझी मावशी दारातूनच परत गेली आणि वर्षभर आईशी बोलली नाही. लग्नं, बारशी, गणपतीच्या आरत्या, सगळ्यांना नकार. एवढं करायला दम लागतो बाप्पा! मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती मेथी निवडून राहिली होती. मान वर न करता म्हणते कशी, "म्हंजे तुम्ही काय काय बंद केलं तेच सांगणार का तिथं?"

मला आला राग. म्हटलं, मग तूच सांग, चालू काय होतं या घरात?

"बाबांचा शनिवार," ती म्हणाली. तिचे बाबा, म्हणजे आपले नानाजी.

सबंध हप्ता तेच डोक्यात आहे. कोळशाच्या खाणीत जन्म घालवलेला, चौथी शिकलेला माणूस. रिटायर झाल्यावर दर शनिवारी उमरेडची एसटी पकडून यायचा, पिशवीत बोरं नाहीतर वालाच्या शेंगा. पाणी प्यायचा आणि सरळ तुझ्या खोलीत जाऊन खाली मांडी घालून बसायचा. "हं माय, शिकव मले. या हप्त्यात काय काय झालं?" मग तू हातात पट्टी घेऊन मास्तरीण. मी हॉलमध्ये पेपर तपासत बसलेला असायचो, मला सगळं ऐकू यायचं. तू सांगायची आणि त्यांचं एकच चालायचं, काहून? रक्त लालच काहून? झाडाले अंधारात कसं समजते, वरतं कुठी आहे? पोटातलं आम्ल पोटालेच काहून नाई जाळत? एकदा तुला उत्तर आलं नाही, तर तू तीन पुस्तकं पालथी घातलीस, कोचिंगच्या सरांना फोन केलास, आणि पुढच्या शनिवारी ते दारात चप्पल काढून राहिले होते तेव्हाच ओरडलीस, "नानाजी, सापडलं!" मी तेव्हा आतून म्हणालो होतो, आवाज कमी करा. हे मला चांगलं आठवतं.

एकदा मी त्यांना स्पष्टच बोललो की अभ्यासाच्या वेळी गप्पा नकोत. ते म्हणाले, "गप्पा नाई जवाईबापू, मी शिकून राहिलो." मला वाटलं म्हातारा माझी फिरकी घेऊन राहिला.

बारावीच्या जानेवारीत मी त्यांना सांगितलं की आता मे महिन्यापर्यंत शनिवार नको, फोनवर काय बोलायचं ते थोडक्यात बोला. 'बरं' म्हणाले. काल आईनं सांगितलं, त्यानंतरही दोन शनिवार ते सवयीनं पिशवी घेऊन उमरेडच्या बसस्टँडवर गेले, नागपूरची गाडी लागली तशी आठवण झाली, आणि घरी परत आले. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी मी या म्हटलं नसतं, हेही खरं.

भाषणात हे घ्यावं का, मला कळून नाही राहिलं. घराचा वाटा म्हटला तर आहे. माझा वाटा म्हटला तर त्यात बसत नाही.

बाबा


बेसा
रविवार, १४ डिसेंबर

मयुरा,

मधुवंती मॅडमनी भाषण वाचलं. म्हणाल्या, "सर, वेळापत्रकानं पालक झोपतील. तुमच्या सासऱ्यांची ती गोष्ट सांगा ना. मरताना नातीची परीक्षा आठवणारा आजोबा! बाया रडतील." ती गोष्ट मी त्या वर्षी स्टाफरूममध्ये सांगितली होती, ती आता शाळेभर झाली आहे.

सांगायची तर तुझी परवानगी पाहिजे. आणि परवानगी मागायची तर त्या फोनचं आधी बोललं पाहिजे. उमरेडच्या अंगणात, तेरवीच्या दिवशी, तू नानाजींचा मोबाइल माझ्यासमोर धरून विचारलंस, "हे तुम्ही होते?" मी हो म्हणालो. तू फोन बाजेवर ठेवला आणि मामीजवळ जाऊन बसलीस. ते तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. त्यावर आपण कधी बोललो नाही, आज मी एकटाच बोलतो.

नानाजी गेले त्या सकाळी त्यांच्या बंडीच्या खिशात फोन वाजला. तुझा निरोप होता, "नानाजी, शुभ सकाळ. आज हृदय परत वाचून राहिली." उत्तर गेलं नसतं तर तू फोन लावला असतास. म्हणून मी तो फोन माझ्या खिशात टाकला आणि लिहिलं, "बेटा, घसा बसला आहे, बोलता येत नाही, लिहून पाठवतो." ते कधीच लिहीत नसत, बोलूनच पाठवायचे, म्हणून घशाची थाप मारावी लागली. पुढचे अकरा दिवस मी नानाजी होतो. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे उभा राहून. खाली तुझी खोली. स्वयंपाकघरात तुझी आई. 'मामी आजारी आहे' असं तुला सांगून ती बापाच्या मातीला जाऊन आली आणि संध्याकाळी तुझ्या पोळ्या लाटायला हजर. अकरा दिवस तिनं डोळ्याला पदर लावला नाही. बाबांचा शेवटचा शब्द म्हणून.

तीस एप्रिलला तुझा निरोप आला. मला तोंडपाठ आहे. "नानाजी, मले लय भीती वाटून राहिली. हात कापतात. पेपरच नाई दिला तर तुम्ही माह्यावर रागवान का?"

मी टाकीमागे उभा होतो. खाली चौदा पायऱ्या. उतरून येऊन तुझ्याजवळ बसायचं, एवढंच काम होतं. मी टाइप केलं, "असे विचार मनात आणू नकोस. बाबा सांगतात ते ऐक. अभ्यास कर." तुझं उत्तर आलं, "बरं." त्यानंतर तू नानाजींना लांबलचक काही लिहिलं नाहीस. सकाळी 'शुभ सकाळ', संध्याकाळी 'जेवले का'. मी मनात म्हटलं, चला, वेळ वाचला.

तुझं मामीला म्हणणं मी अंगणातून ऐकलं होतं. "नानाजी असते तर त्यांनी विचारलं असतं, काहून भीती वाटते. मले तेव्हाच समजाले पाह्यजे होतं."

मी असा काहून वागलो, हेही लिहून टाकतो. ऐकायचं नसेल तर पुढची ओळ गाळ. मी बारावीत असताना माझे वडील गेले, भिवापूरजवळच्या आमच्या गावी, फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशी. मी पेपर दिला, पण काय लिहिलं ते आठवत नाही. मेडिकल हुकलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गणित की घरात मरण आलं तर पोरांना कळता कामा नये. तुझ्या वेळी मला ते सोडवायला भेटलं.

आठ मेला तुला उमरेडला घेऊन निघालो. पेपर चांगला गेला म्हणून तू नानाजींसाठी पेढे घेतले होते. पाचगाव येईपर्यंत सांगीन, म्हटलं. पाचगाव गेलं. चांपा गेलं. तू म्हणत होतीस, त्यांच्या घशाला काढा दिला का कोणी? उमरेड आलं, तू गाडीतून उतरून माझ्या पुढे पळत गेलीस आणि दारातच तुला हार घातलेला फोटो दिसला. मी मागून येऊन राहिलो होतो. तुझं तोंड मला दिसलं नाही, पेढ्याचा डबा तेवढा दिसला.

तर शनिवारी ती गोष्ट सांगू का? नको असेल तर आईला फोनवर नुसतं 'नको' म्हण. शुक्रवारपर्यंत वाट पाहतो.

बाबा


बेसा
शनिवार, २० डिसेंबर, संध्याकाळ

मयुरा,

तू 'नको' म्हणाली नाहीस, म्हणून मी 'हो' धरलं. वर्गात कोणी असं मनानं धरलं तर मी त्याचा कान धरतो.

सांगितली गोष्ट. मैदान भरलं होतं, तीनशे तरी पालक. वेळापत्रकाला लोक मोबाइल पाहून राहिले होते. नानाजी सुरू झाले तसे सगळे वर पाहायला लागले. "जवाईबापू, तिचा पेपर होऊ द्या," हे मी त्यांच्याच आवाजात म्हटलं. बाया खरंच रडल्या. टाळ्या थांबेनात. मॅडमनी शाल-नारळ दिला. मला, खोटं काय बोलू, फार बरं वाटलं.

मेळावा संपला. मांडव आणि स्पीकर आपल्या वस्तीतल्या दुर्गेशभाऊचा होता, त्याची काजल माझ्या दहावी 'ब'त आहे. तो वायर गुंडाळत माझ्याकडे आला आणि हात जोडून म्हणाला, "सर, आज तुम्ही माह्यं मोठं काम केलं. माह्यी माय चार दिवसापासून दवाखान्यात आहे. किडनी गेल्या. सारखी म्हणते, काजलले आणा, काजलले आणा. इकडं सोमवारपासून सराव परीक्षा. बायको म्हणते नेऊ, मी म्हणतो नको, घरात नुसती कचकच. आता बायकोले सांगतो, सरांचे सासरेबी असेच म्हणले होते. नाई नेत पोरीले."

मी म्हटलं, हो, हो. आणि स्कूटरकडे आलो. शाल मानेभोवती, नारळ पायाशी. किल्ली लावली. बटण दाबलं, स्कूटर सुरू झाली. मी तसाच बसून राहिलो, मग बंद केली आणि परत गेलो. तो टेम्पोत बांबू भरून राहिला होता.

म्हटलं, "दुर्गेशभाऊ, ते खोटं आहे."

"काय खोटं, सर?"

"माझे सासरे तसं म्हणालेच नव्हते."

तो माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. "मंग काय म्हणले होते?"

"म्हणाले, मयुराले घेऊन या."

"मंग?"

"मी नेलं नाही."

त्यानं हातातला दोर खाली ठेवला. "सर, एवढ्या लोकाईसमोर तुम्ही..." मग खिशातून फोन काढला आणि बायकोला म्हणाला, "काजलले तयार कर वं. मी येऊन राहिलो, आत्ताच." अर्धे बांबू मैदानातच टाकून टेम्पो घेऊन गेला. माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही.

म्हणजे हे कळणारा तो पहिला आणि तू दुसरी.

तर ऐक. पंचवीस एप्रिल, सकाळचे अकरा. नानाजींना आदल्या दिवशी उमरेडहून नागपूरच्या दवाखान्यात आणलं होतं, छातीत दुखत होतं म्हणून. आपल्या घरापासून तो दवाखाना पंचवीस मिनिटं. तुला पत्ता लागू नये म्हणून आईला मी घरी पाठवलं होतं, मामा खाणीच्या पाळीवर, आणि मी शाळेच्या कामानं बाहेरगावी गेलो अशी तुला थाप. त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. ते म्हणाले, "जवाईबापू, मयुराले घेऊन या नं. तीन महिने झाले पाह्यलं नाई." मी विषय बदलला. थोड्या वेळानं परत म्हणाले. तेव्हा मी म्हटलं, "संध्याकाळी येते." मग काही नाही. औषधाची गुंगी होती, त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले.

तो 'शब्द' मी कधी तयार केला, तेही सांगतो. सकाळी आई दवाखान्यात आली, रडून थोडी सावरली आणि म्हणाली, "आता तरी मयुराले आणा, तोंड पाहू द्या." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, बाबांनीच नको म्हटलं आहे. तिनं लगेच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानंतर ते मागे घ्यायची माझी हिंमत झाली नाही. आणि पुढे तर मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

आईला अजून सांगायचं आहे. उद्या सांगतो.

बाबा


बेसा
बुधवार, २४ डिसेंबर

मयुरा,

आईला रविवारी सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालून राहिली होती, गॅसवर भात होता. पूर्ण ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं, "मी अकरा दिवस रडले नाही, ते कोणाच्या सांगण्यावरून?"

म्हटलं, माझ्या.

ती उठली, गॅस बंद केला. भात अर्धा कच्चा होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या बाईनं कधी अर्धा भात सोडला नाही, तेव्हाच मी काय ते समजलो. पिशवी भरली. म्हटलं, बसस्टँडवर सोडून देतो. तर म्हणाली, "नको. तुमच्या गाडीवर बसले तर तुम्ही कुठी न्यान, काय भरोसा." चप्पल घालताना मात्र तिला हुंदका फुटला. मोठ्यानं रडली, दारात बसून, समोरची माणसं पाहून राहिली होती तरी. मी मागे उभा होतो. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण ठेवला नाही. मग ती गेली उमरेडला. तुला हे तिनं फोनवर सांगितलंच असेल.

आता इथे मी आहे. टीव्ही नाही, कोणी येत नाही, पहाटे साडेचारला आपोआप जाग येते. इतकी शांतता की दहा पोरांनी एकदम अभ्यास करावा. मी परवा तुझ्या खोलीत जाऊन खाली बसलो, नानाजी बसायचे तिथे. तिथून तुझं टेबल केवढं उंच दिसतं! मला कधी माहीतच नव्हतं, कारण मी नेहमी दारात उभा राहून बोललो. मला फार एकटं वाटून राहिलं आहे मयुरा. हे वाचून तुला दया यावी असं नाही. पण आता लपवून ठेवायला माझ्याजवळ काही उरलं नाही, म्हणून हेही लिहिलं.

मधुवंती मॅडमनाही खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "झालं ते झालं सर, आता कशाला उकरता? पालकांवर चांगला परिणाम झाला आहे." मी म्हटलं, त्याचीच भीती वाटते. पुढच्या सभेत मला पाच मिनिटं द्या. त्या 'पाहू' म्हणाल्या. नाही दिली तर फाटकावर उभा राहून एकेकाला सांगीन.

दुर्गेशभाऊ काल फाटकावर भेटला. काजल शनिवार-रविवार दोन्ही दिवस आजीजवळ होती. सलाइन लावलेल्या हातानं आजीनं तिची वेणी घातली म्हणे, वाकडीतिकडी, आणि सोमवारी ती पोरगी तशीच वेणी ठेवून पेपरला आली. भूमितीत मला तिला चाळीसपैकी बावीसच द्यावे लागले. मागच्या वेळी चौतीस होते. मी दुर्गेशला आकडा सांगितला तर म्हणाला, "असू द्या, सर." माझ्याशी बोलताना तो आता हात जोडत नाही, आणि तेच बरं आहे.

बाबा


बेसा
रविवार, ४ जानेवारी २०२६

मयुरा,

तुझं पाकीट काल भेटलं. आत वहीचं पान, त्यावर ना मायना ना सही.

"ते झोपले नव्हते. किती वाजेपर्यंत वाट पाहिली त्यांनी?"

तू त्यांना ओळखत होतीस. मी तर लिहून बसलो होतो की लपवायला काही उरलं नाही. होतं. हे एवढं होतं.

मी 'संध्याकाळी येते' म्हटलं तसे ते उठून बसले. सिस्टर नको म्हणत होती. त्यांची कवळी डबीत काढून ठेवली होती, ती मागितली. "बिना दाताचं पोरीसंग कसं बोलू?" मी धुऊन हातात दिली. मग कंगवा मागितला. मग म्हणाले, ही बंडी मळली, दुसरी द्या. दुसरी घातली, बटणं मी लावली. हे सगळं मी केलं, मयुरा, माझ्या हातानं, तू येणार नाहीस हे माहीत असून.

चारला त्यांनी वेळ विचारला. पाचला विचारला. पडदा हलला की मान वर करायचे. सिस्टर आली, वॉर्डबॉय आला, पलीकडच्या खाटेवाल्याची सून आली. सातला जेवणाचं ताट आलं, तर म्हणाले, "पोरगी आल्यावर जेवतो." आठला भेटायची वेळ संपली, चौकीदार सगळ्यांना बाहेर काढायला लागला. मी म्हटलं, आता उद्या. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मलाच वाईट वाटून राहिलं आहे. म्हणाले, "तिले ऑटो भेटला नसन, जवाईबापू. बेस्यात कुठी भेटते ऑटो या वेळेले. तुम्ही तिले रागावू नका."

स्कूटरची किल्ली माझ्या खिशात होती.

नंतर सिस्टर कवळी काढून ठेवायला आली. तिला म्हणाले, "राहू दे वं बाई. पोरगी सकाळीच येते, मंग घाईघाईत सापडत नाई." दात तसेच ठेवून दाराकडे तोंड करून पडून राहिले. मी शेजारी खुर्चीवर होतो. त्यांचे डोळे उघडे होते. तू येणार नाहीस, असं त्यांना एकदाही वाटलं नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तसं होतं म्हणून लिहितो.

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांपर्यंत, मयुरा.